एकमताचा गुन्हा

लग्नानंतर मोरेश्वर तामोरे आणि त्याची बायको चंद्रावती यांचं एका गोष्टीवर पहिल्यांदाच पुरतं एकमत झालं, आणि ती गोष्ट म्हणजे आता आपण वेगळं व्हावं. संध्याकाळची जेवणं चालली होती. ताटात बोंबलाचं कालवण होतं, भात जरा जास्त शिजला होता, आणि चंद्रा वाढता वाढता म्हणाली, "मी म्हणते, मी माहेरी जाते, चिंचणीला."

"किती दिवस?"

"परत नाही यायची."

मोरेश्वरने घास गिळला. आपल्याला धक्का बसायला हवा असं त्याला वाटलं, म्हणून तो क्षणभर थांबला. पण धक्का काही बसेना. उलट छातीवरचं ओझं कुणी उचलून बाजूला ठेवावं तसं झालं. पुतळी, त्यांची एकुलती एक पोर, तापाने गेली त्याला तीन पावसाळे झाले होते. पाळण्याचे हूक अजून आढ्याला तसेच होते. ते काढू या, असं कुणी कुणाला म्हटलं नव्हतं. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी इतकी सांभाळून वागत होती, की त्या सांभाळण्यानेच दोघांचा जीव जात होता.

"तुम्ही दुसरं लग्न करा," चंद्रा म्हणाली. "तुमचं वय आहे अजून."

"तुझंही आहे."

"हो. म्हणून तर म्हणते."

दोघांनी त्या दिवशी पोटभर खाल्लं. मोरेश्वर हात धुताना म्हणाला, "मग हे रीतसर करून घेऊ."

इथेच सगळं बिघडलं. मोरेश्वर डहाणूच्या मामलेदार कचेरीत कारकून होता. शिक्का बसल्याशिवाय एखादी गोष्ट घडली यावर त्याचा विश्वास नव्हता. चंद्रा त्याच आठवड्यात बोचकं बांधून निघून गेली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण सरकारी नोकराची बायको नुसती निघून कशी जाईल? त्याला काही कायदा आहे की नाही?

कायद्याच्या आधी रीत होती. कोळीवाड्यात नवराबायकोचं जमेनासं झालं, की पंच बसायचे, दोघांनी मिळून एक काडी मोडायची, पंचांना ताडी पाजायची, की दोघं मोकळी. मोरेश्वर चिंचणीला गेला. जातीचे मुख्य पंच नारूकाका किनाऱ्यावर जाळं दुरुस्त करत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सुई खाली ठेवली.

"काडीमोड आपल्यात बंद झाली ना रे?"

"तेच म्हणतो काका, एकदा अपवाद म्हणून—"

"बंद करण्याचा ठराव कुणी मांडला होता?"

मोरेश्वर जाळ्याकडे बघत राहिला. तो ज्ञाती सुधारणा मंडळाचा चिटणीस होता. सरकारने नवा हिंदू विवाह कायदा केल्याचं कचेरीत पहिल्यांदा वाचलं ते त्याने, आणि वाचून त्याच्या अंगात इतकी सुधारणा संचारली, की त्याने देवळापुढे सभा घेतली होती.

"मीच मांडला होता."

"आणि त्यात काडीमोडीला काय म्हटलं होतंस? एक शब्द होता बघ."

"रानटी."

"हां, रानटी!" नारूकाकांनी तो शब्द माशाचा काटा काढावा तसा तोंडातून काढला. "मी अंगठा उठवताना तुला म्हटलं होतं, मोरू, एक फट तरी ठेव. तर तू काय म्हणालास? सुधारणा अर्धवट नसते म्हणालास. आता जा सुधारणेकडे."

मोरेश्वर सुधारणेकडे गेला. म्हणजे चुरी वकिलांकडे. चुरी वकील बोर्डीचे, घरची चिकूची वाडी असलेले. वकिली ते डहाणूला करत, पण लक्ष वाडीत असे. पक्षकार बोलत असताना ते चिकू दाबून दाबून पिकले का बघत. मोरेश्वर चंद्राला बरोबर घेऊनच गेला. दोघांचं काम आहे, तर दोघांनी जावं, असा त्याचा सरळ हिशोब.

"दोघांनाही हवी आहे फारकत?" वकिलांनी विचारलं.

"अगदी दोघांच्या खुशीने," मोरेश्वर अभिमानाने म्हणाला. "भांडण नाही, तंटा नाही."

चुरी वकील उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"हे आणखी कुणाला बोललात?"

"नाही."

"बोलू नका. अहो तामोरे, याला संगनमत म्हणतात. कायद्यात एकाने छळायचं असतं आणि दुसऱ्याने छळ सोसायचा असतो. मग कोर्ट मध्ये पडतं. दोघं हातात हात घालून आलात, तर कोर्ट तुम्हाला हातात हात घालूनच परत पाठवणार."

"पण आम्हाला दोघांनाही नको आहे ना संसार!"

"म्हणूनच तो तुम्हाला करावा लागेल," वकील म्हणाले, आणि त्यांनी कायद्याचं पुस्तक उघडलं. "आता बघू कशात बसताय. वेड लागलंय का कुणाला? बरं न होणारं हवं. थोडंसं चालत नाही."

"नाही."

"महारोग? धर्म बदलताय का? बरं, संन्यास?"

"संन्यास घेतला तर यांची नोकरी राहील का?" चंद्राने विचारलं. ती पहिल्यांदाच बोलली, आणि वकिलांना तो प्रश्न विचार करण्यासारखा वाटला. संन्यासी कारकुनाला रजा कुठल्या खात्यावर द्यावी, याबद्दल कुठे काही लिहिलेलं त्यांच्या आठवणीत नव्हतं.

"सात वर्षं बेपत्ता व्हाल? नाही? मग बाहेरची बाई. नुसती एखाद्या वेळी नाही, राजरोस ठेवलेली."

मोरेश्वर कानापर्यंत लाल झाला. डहाणूत त्याने पानाच्या दुकानावर दोन मिनिटं जास्त काढली तरी ते घरी आधी कळायचं. चंद्राने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की काय, याची मोरेश्वरला शंका आली, आणि ते त्याला चांगलंच लागलं.

"मग राहतं क्रौर्य," वकील म्हणाले. "तुम्ही हिला मारता. हिला तुमच्याबरोबर राहायची भीती वाटते. त्यावर आधी नुसता वेगळं राहण्याचा हुकूम मिळेल. मग दोन वर्षं वेगळं राहिलात की फारकत."

"मी हिच्यावर कधी बोटही उचललेलं नाही!"

"ते तुम्ही कोर्टात म्हणायचंच आहे. पण शेजाऱ्यांनी उलट सांगायला हवं."

बाहेर व्हरांड्यात बाकावर एक गुजराती किराणावाला आपल्या कामासाठी थांबला होता. दार लाकडी होतं आणि वकिलांचा आवाज मोठा. मोरेश्वर बाहेर आला तेव्हा तो माणूस अगदी कळवळून म्हणाला, "भाई, बैरी साथे बने छे, तो छूटा शाना थाओ छो?" बायकोशी पटतंय तर वेगळे कशाला होताय, या प्रश्नावर मोरेश्वरने त्याला वकिलांचं दार दाखवलं.

आता क्रौर्य उभं करायचं होतं. मोरेश्वरचं घर कौलारू घरांच्या ओळीत होतं. मधली भिंत सामाईक, आणि पलीकडे धोंडी आणि लाडकी हे जोडपं. धोंडी गवताच्या वखारीत मुकादम होता. लाडकी दिवसभर घरीच, आणि भिंतीला कान लावायचीही तिला गरज पडत नसे, इतकी ती भिंत बारीक. साक्षीदार म्हणून लाडकीवहिनी कुणालाही आवडली असती.

पहिलं भांडण मिठावरून ठरलं. मोरेश्वरने कचेरीतून येतानाच आवाज तापवून ठेवला होता. पहिला घास घेतला आणि तो ओरडला, "मीठ! आमटीत मीठ आहे का?" चंद्राने रडायला सुरुवात करायची, त्याच्या आत भिंत आणि कौलं यांच्यामधल्या फटीतून लाडकीचा हात आला. हातात मिठाची वाटी होती. "घ्या हो भाऊ. संपलं होतं तर आधी नाही का मागायचं?"

दुसऱ्या खेपेला भांडं फेकायचं ठरलं. मोरेश्वरने तांब्या उचलला. चंद्राकडे फेकणं शक्यच नव्हतं, म्हणून दाराकडे फेकला. दारातून त्याच वेळी धोंडी पंचांग मागायला येत होता. तांब्या त्याच्या नडगीवर बसला. धोंडी लंगडत आत आला, खाली बसला, आणि नडगी चोळत चोळत त्याने मोरेश्वरची समजूत घातली. बायकोवर आवाज चढवला की पित्त खवळतं. त्याचा स्वतःचा एक मावसभाऊ त्यातच गेला. जोडीने महालक्ष्मीला जाऊन या, नारळ फोडा, गडावर चढायला जमत नसेल तर खालच्या देवळात फोडा. मोरेश्वरने त्याची नडगी शेकून दिली. म्हणजे क्रौर्य केलं शेजाऱ्यावर, आणि तोच सांत्वन करून गेला.

तिसऱ्या खेपेला चंद्राने सगळं स्वतःकडे घेतलं. तिला हे जास्त जमत होतं. काय म्हणायचं ते तिने मोरेश्वरकडून घोकून घेतलं होतं. मोरेश्वर ओरडला, "तू माझ्या घरात—" आणि पुढचं विसरला. चंद्रा हळूच म्हणाली, "राहण्याच्या लायकीची नाहीस." "हां, राहण्याच्या लायकीची नाहीस!" मोरेश्वर गरजला. चंद्राला हसू फुटलं. ते आवरेना. मोरेश्वरही हसला. पुतळी गेल्यापासून त्या घरात कुणी हसलं नव्हतं, आणि आता दोघं पोट धरून हसत होती, वेगळं होण्यासाठी. मान वर करून बघतात तो दारात लाडकी उभी.

"अगं बाई! नाटक बसवताय होय!" ती म्हणाली. "मला वाटलं खरंच भांडताय. कचेरीच्या गणपतीत का?"

दुसऱ्या दिवशी सगळ्या ओळीला कळलं, की मोरूभाऊ नाटकात खलनायक आहेत.

चुरी वकील चिडले. अर्ज तयार होता, तारीख टाकायची राहिली होती. "एकदा तरी नीट भांडा," ते म्हणाले. "एवढी लग्नं बघतो मी, लोकांना काही शिकवावं लागत नाही."

म्हणून आणखी एकदा भांडायचं ठरलं. श्रावण संपत आला होता, दिवसभर कोंदलेलं होतं, आणि मोरेश्वर कचेरीतून दमून आला होता. चंद्राने ठरलेलंच वाक्य घेतलं. "तुम्हाला घराची काळजी नाही," ती म्हणाली.

"सगळं तर मीच बघतो."

हे ठरलेलं नव्हतं. त्याने नुसतंच म्हटलं. चंद्राने त्याच्याकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यात काहीतरी सरकलं.

"काय बघतोस तू?"

लग्न झाल्यापासून तिने त्याला कधी तू म्हटलं नव्हतं. मोरेश्वरला वाटलं, हेही तिने नाटकासाठीच योजलंय. चांगलं योजलंय, असंही त्याला वाटलं.

"पोर तापाने जळत होती. मी तीनदा माणूस पाठवला कचेरीत. तीनदा! आणि तू काय करत होतास? साहेबाच्या दौऱ्याला खुर्च्या मोजत होतास. आज सोडत नाहीत म्हणालास. दुपारी येतो म्हणालास. डॉक्टर आणलास तेव्हा तिचे डोळे फिरले होते रे! खुर्च्या मोजून झाल्या होत्या ना पण? बरोबर भरल्या ना?"

मोरेश्वरचा हात उठला आणि तिच्या गालावर बसला. आवाज मोठा झाला. तिचं डोकं बाजूला गेलं, ते तिने सरळ केलं, आणि ती तशीच उभी राहिली. मोरेश्वरने आपल्या हाताकडे बघितलं.

मग भिंतीपलीकडून टाळ्या वाजल्या.

"आज अगदी खरं वाटलं हो!" लाडकी तिकडून म्हणाली. "वहिनी, तुम्ही तर रडवलंत."

चंद्राने चूल विझवली. सकाळी तिने बोचकं बांधलं आणि चिंचणीची गाडी पकडली. मोरेश्वर दारापर्यंत गेला. "चंद्रा" एवढंच त्याला म्हणता आलं. ती म्हणाली, "वकिलांना सांगा, आता अर्ज घाला."

चुरी वकिलांनी सगळं ऐकलं आणि पहिल्यांदा हातातला चिकू खाली ठेवला. "वळ उठलाय का गालावर? डॉक्टरला दाखवला असता. गेला? अरेरे."

अर्ज ठाण्याच्या कोर्टात चालला. अर्जदार चंद्रावती, सामनेवाला मोरेश्वर. वकिलांनी त्याला बजावून ठेवलं होतं, "तुम्ही आधी नाही म्हणायचं, मग उलटतपासणीत गडबडायचं आणि गप्प बसायचं. बाकी साक्षीदार बघेल." साक्षीदार म्हणजे लाडकी. ती नवं लुगडं नेसून आली होती, आणि देवाशपथ खरं सांगेन म्हटल्यावर तिने खरोखर खरं सांगायचं ठरवलं.

"तुम्ही मारहाणीचा आवाज ऐकला?"

"ऐकला ना. चांगला ऐकला."

"मग?"

"मग काही नाही साहेब. खोटं खोटं होतं ते. दोघं नाटक करायची. आधी आधी जमत नव्हतं, पण त्या दिवशी फार छान केलं."

कोर्टात हसू पिकलं. चुरी वकिलांनी डोळे मिटले. न्यायाधीशांनी लेखणी ठेवली. चंद्रा खाली मान घालून उभी होती, आणि मोरेश्वरला तिच्या कानाची पाळी दिसत होती. ती लाल झाली होती. तिच्या गालावरची ती थप्पड, ती डोळे फिरलेली पोर, सगळं लोकांच्या हसण्यात जात होतं. त्याला काय झालं ते त्यालाच कळलं नाही. तो उठून उभा राहिला.

"खोटं नव्हतं साहेब! त्या दिवशी मी खरंच मारलं. जोरात मारलं. तिची काही चूक नव्हती. ती बोलली ते सगळं खरं होतं, म्हणून मारलं."

"खाली बसा," न्यायाधीश म्हणाले.

"मला शपथ द्या, पण हे खोटं लिहू नका."

न्यायाधीशांनी चष्मा काढून त्याच्याकडे नीट बघितलं. मारलं नाही म्हणून रडणारे नवरे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. मारलंच आहे म्हणून कोर्टाच्या पाया पडणारा हा पहिलाच. शेजारीण नाटक म्हणते, आणि सामनेवाला अर्जदाराची बाजू तिच्या वकिलापेक्षा जोराने मांडतो. याहून उघड संगनमत कुठलं असणार? अर्ज फेटाळला गेला. नवरा क्रूर नसून अतिशय सहकार्यशील आहे, अशा अर्थाचं एक इंग्रजी वाक्य निकालात आलं.

बाहेर पायरीवर लाडकी रडवेली होऊन विचारत होती, "माझं काय चुकलं हो?"

"काही नाही वहिनी," मोरेश्वर म्हणाला.

चंद्रा त्याच्याजवळ आली. "कशाला उठलात? गप्प बसायचं होतं ना."

"ते खोटं ठरत होतं," मोरेश्वर म्हणाला. "मला ते खोटं ठरलेलं बघवेना."

परतीच्या गाडीत ती समोरच्या बाकावर बसली, आणि पालघर येईपर्यंत तिने खिडकीतून नजर आत घेतली नाही.

यानंतर चुरी वकिलांनी त्याग काढला. त्याग म्हणजे बायको विनाकारण सोडून गेली. त्याला दोन वर्षं लागतात. मग अर्ज नवऱ्याने करायचा, बायकोने कोर्टात हजरच व्हायचं नाही. तोवर भेट नाही, निरोप नाही, सणाला काही पाठवणं नाही. मोरेश्वरने हा नियम सरकारी परिपत्रकासारखा पाळला. चंद्रा आता भावाबरोबर मासळी सुकवून विकत होती, आणि कधी डहाणूच्या बाजारात यायची. एकदा दोघं अगदी समोरासमोर आली. दोघांनीही एकाच वेळी पाठ फिरवली आणि दोन दिशांना चालू लागली. बघणारे म्हणाले, काय हा द्वेष! खरं तर मोरेश्वरला तेवढ्यात दिसलं होतं की ती हडकली आहे, आणि पुढे कितीतरी दिवस तो त्याच काळजीत होता.

दोन वर्षांनी मोरेश्वरने अर्ज घातला, चंद्रा हजर झाली नाही, आणि वेगळं राहण्याचा हुकूम मिळाला. आता फारकतीसाठी आणखी दोन वर्षं तसंच राहायचं. मध्यंतरी राज्याचे दोन तुकडे झाले, उंबरगाव गुजरातेत गेलं, आणि अलीकडच्या गावांसाठी तलासरीला नवी कचेरी निघाली. तिथे जायला कुणी तयार नव्हतं. मामलेदारांनी फायली चाळल्या, आणि मोरेश्वरच्या फायलीत कोर्टाचे दोन निकाल सापडले. एकात तो बायकोला मारत नव्हता आणि दुसऱ्यात बायको त्याच्यापाशी राहत नव्हती. असा माणूस तलासरीला शोभेल, असं त्यांना वाटलं असावं. मोरेश्वरची बदली झाली.

तलासरीत त्याला कुडाच्या भिंतींची एक खोली मिळाली. कचेरीचा शिपाई बाबल्या जवळच्याच पाड्यावर राहायचा, बायको रखमीबरोबर. एकदा त्याने मोरेश्वरला विचारलं, बाई का येत नाहीत. मोरेश्वरने सांगितलं. बाबल्याने नीट ऐकून घेतलं. त्याची पहिली बायको पलीकडच्या पाड्यावर दुसऱ्याकडे नांदत होती. माणसं बसली, बोलली, आणि ती गेली. आता वाटेत भेटली की खुशाली विचारते. त्या आदिवासी लोकांना हा कायदाच लागू नाही, हे मोरेश्वरला माहीत होतं. त्याबद्दलच्या परिपत्रकाची नक्कल कचेरीत त्यानेच केली होती.

"तुमचं किती वर्सं चाललंय भाऊसाहेब?"

"पाचवं लागलंय."

बाबल्याने बराच विचार केला. "तुमच्यात बसायला माणसं कमी हायत का?" त्याने विचारलं.

दुसरी मुदत संपली, आणि चुरी वकिलांनी फारकतीचा अर्ज घातला. तारीख पडली. त्याच सुमाराला मोरेश्वरला हिवतापाने गाठलं. ताप असा चढला की तो खोलीत एकटाच खुर्च्या मोजू लागला. बाबल्या घाबरला. त्याने कुणाला न विचारता एस.टी.च्या ड्रायव्हरजवळ चिंचणीला निरोप दिला.

चंद्रा दुसऱ्या दिवशी आली आणि दारातच थांबली. मोरेश्वर शुद्धीवर होता.

"आत आले तर चालेल का?" तिने विचारलं.

"नको," मोरेश्वर घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मुदत... अर्ज चालू आहे."

मग ती उंबऱ्याबाहेर बसली. पेज तिने रखमीच्या चुलीवर केली, आणि उंबऱ्याच्या बाहेरून हात लांब करून वाटी आत सरकवली. राहायला ती रखमीकडे गेली. दुसऱ्या दिवशी ताप पुन्हा उसळला, मोरेश्वर थरथर कापायला लागला, दातावर दात बसू लागले, आणि तो पुतळीच्या नावाने हाका मारू लागला. तेव्हा ती उठली आणि आत गेली. तिने त्याला दोन्ही हातांनी दाबून धरलं, कापरं थांबेपर्यंत सोडलं नाही. घामाने भिजलेलं त्याचं अंग पुसलं. डोकं मांडीवर घेऊन बसली.

"मी गेलो असतो डॉक्टरकडे," मोरेश्वर म्हणाला. "मला तेव्हा वाटलं, अर्ध्या तासाने काही बिघडत नाही."

"माहीत आहे मला," चंद्रा म्हणाली. "तेव्हापासून माहीत आहे."

ताप उतरल्यावर ती निघाली. जाताना बाबल्याला म्हणाली, "मी आले नव्हते. कुणी विचारलं तर एवढंच सांग."

मोरेश्वरची तारीख चुकली होती, म्हणून वकिलांना डॉक्टरचा दाखला जोडावा लागला. त्याने नवाच घोळ झाला. पुढच्या तारखेला नवे न्यायाधीश होते, वयस्क, मायाळू. जोडपी परत जुळवता आली तर बघायची, हेही कायद्याने न्यायाधीशाचंच काम, आणि ते त्यांना मनापासून आवडायचं. त्यांनी दाखला वाचला.

"बरेच आजारी होता तुम्ही. कोण होतं जवळ?"

"कचेरीचा शिपाई, साहेब."

"आणि बायको? तिला कळलं असेल ना?"

चुरी वकिलांनी बाहेर त्याला विचारून सगळं काढून घेतलं होतं. आजाऱ्याला बघायला येणं म्हणजे पुन्हा संसार थाटणं होतं का, याचा वाद हवा तर घालता येईल, असं ते म्हणाले होते. पण मागच्या खेपेला तुम्ही खरं बोललात आणि काय झालं, हेही त्यांनी विचारलं होतं.

"कळलं होतं," मोरेश्वर म्हणाला.

"मग आली?"

कोर्टात पंखा फिरत होता. मोरेश्वरला पाठीवर तिचे दोन्ही हात जाणवले, घट्ट दाबलेले.

"नाही आली," तो म्हणाला. "बघायलासुद्धा आली नाही."

आवाज हलला नाही. न्यायाधीशांनी मान हलवली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर त्याच्याबद्दल खरी कीव आली. नवरा मरणाच्या दारात असताना जी बाई फिरकत नाही, तिच्याशी जुळवून देण्यात अर्थ नाही, असं ते म्हणाले. फारकत मंजूर झाली.

निकालाची नक्कल घेऊन मोरेश्वर चिंचणीला गेला. किनाऱ्यावर बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत होते, आणि चंद्रा ते उलटे करत होती. त्याला बघून ती थांबली नाही.

"झालं?"

"झालं."

"काय विचारलं साहेबांनी?"

"आजारात बायको आली होती का."

"मग?"

"नाही आली म्हटलं."

तिने ओळीतले आणखी काही बोंबील उलटे केले. "अडखळलात?"

"नाही."

"बरं झालं." तिने हात पदराला पुसले, आणि मग त्याच्याकडे बघितलं. "आता तुम्ही पडलात कधी आजारी, तर मी येऊ शकते ना? आता काही आड येत नाही?"

मोरेश्वरने कारकुनाच्या सवयीने कायदा मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

"नाही," तो म्हणाला. "आता कुठलंच कलम आड येत नाही."

पुढल्या वर्षाच्या शेवटी चंद्राने दुसरं लग्न केलं. नवरा होडीवाला, कष्टाळू, चांगला माणूस होता. दोन मुलं झाली, आणि दोन्ही जगली. मोरेश्वर तलासरीतच राहिला. बदलीसाठी त्याने कधी अर्ज केला नाही, आणि डहाणूच्या कचेरीतही तो परत यावा असं कुणाला वाटलं नाही. हिवताप दर पावसाळ्यात यायचा. थंडी भरायला लागली की मोरेश्वर आधी दाराला आतून कडी लावायचा, आणि बाबल्याला फटीतून बजावून सांगायचा, की एस.टी.च्या ड्रायव्हरशी काही एक बोलायचं नाही.